मेटल नको म्हणणाऱ्यांसाठी ‘पॅरनॉइड’

हेवी मेटलपासून लांब राहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. वेग फार, आरडाओरडा फार, सैतान सोडून दुसरा विषय नाही आणि शेवटी सगळं एकसारखंच वाटतं. ब्लॅक सॅबथ या बँडचा ‘पॅरनॉइड’ हा अल्बम ऐकताना यातल्या पहिल्या तीन तक्रारी टिकत नाहीत. आठपैकी बरीचशी गाणी संथ आहेत, एकही गाणं घसा खरवडून गायलेलं नाही, आणि विषय आहेत युद्ध, अण्वस्त्रं, हेरॉइन, मनाची उदासी. चौथी तक्रार थोडी शिल्लक राहते. तिच्याबद्दल पुढे येईलच.

हा अल्बम मोठा ठरतो तो त्याच्या लयीमुळे. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी, सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण त्यांना वजन मिळतं ते गीझर बटलरचा बेस (खर्जाची गिटार) आणि बिल वॉर्डचे ड्रम यांच्यामुळे, आणि दोन आघातांमध्ये गिटारवादकासह या तिघांनी जी जागा मोकळी सोडली आहे तिच्यामुळे. मेटल नकोसं वाटणारा माणूस बहुधा गिटार आणि आवाज ऐकतो आणि तिथेच कंटाळतो. हाच अल्बम खालून वर ऐकला, म्हणजे आधी बेस, मग ड्रम, मग गिटार आणि शेवटी गायन, तर तो वेगळाच वाटतो.

थोडी पार्श्वभूमी. गायक ओझी ऑस्बॉर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बटलर आणि वॉर्ड हे चौघे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले. पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. हा दुसरा अल्बम त्यांनी त्याच वर्षी जून महिन्यात लंडनमध्ये आठवड्याभरात ध्वनिमुद्रित केला. निर्माता रॉजर बेन. १८ सप्टेंबर १९७० ला तो ब्रिटनमध्ये व्हर्टिगो कंपनीकडून निघाला आणि तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यानंतर या बँडला तिथे पुन्हा पहिला क्रमांक मिळायला २०१३ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत तो जानेवारी १९७१ मध्ये आला. त्या काळच्या समीक्षकांना हा बँड फारसा रुचला नव्हता. ‘रोलिंग स्टोन’ने मात्र २०१७ मध्ये शंभर सर्वोत्तम मेटल अल्बमांची यादी काढली, तेव्हा याच अल्बमला पहिलं स्थान दिलं.

ऐकण्याआधी यंत्राची तयारी नीट करून घ्यावी. नावडीचं निम्मं कारण तिथेच असतं. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर असते, गिटारची खालची तार ८२ हर्ट्झवर. फोनचा स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. म्हणजे फोनवर हा अल्बम लावला की बेसचा मूळ स्वर गायब होतो, उरतो तो गिटारचा खरखराट आणि झांजांचा चरचराट. मेटल म्हणजे कर्कश गोंगाट हे मत बहुतेकांचं असंच बनतं. साधे पण कानात घट्ट बसणारे इअरफोन चालतील. घरातले मध्यम आकाराचे दोन स्पीकर असतील तर उत्तम.

ॲपमधलं ‘रॉक’ नावाचं इक्वलायझर सेटिंग बंद करावं. असली सेटिंग्ज बहुधा खालचे आणि वरचे आवाज उचलतात आणि मधले दाबतात. इलेक्ट्रिक गिटारचा देह नेमका मधल्या पट्ट्यात असतो, त्यामुळे रिफ पोकळ वाटायला लागते. सगळं सपाट ठेवावं. तरीही गिटार टोचत असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करावेत, त्याहून जास्त नको. आयोमी ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) आधी रेंजमास्टर नावाचा ट्रेबल बूस्टर लावायचा. म्हणजे वरचे स्वर आधीच फुगवून तो लेनी कंपनीच्या ॲम्पमध्ये सोडत असे. ही धार त्याच्या सुराचा भाग आहे, ती पूर्ण घासून टाकली तर रिफ मऊ पडते.

आवाज फार कमी ठेवूनही चालत नाही. कमी पातळीवर माणसाच्या कानाला खर्ज आणखी कमी ऐकू येतो. गप्पा मारताना जरा आवाज चढवावा लागेल इतकी पातळी पुरेशी आहे. कान दुखेपर्यंत मोठा करायची काहीच गरज नाही. आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, आणि हा अल्बम तिच्या आत राहून पूर्ण वजनानिशी ऐकता येतो.

आणखी एक बाब सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्ट्रीमिंग ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय असते. ती गाण्यागणिक चालत असेल तर ‘प्लॅनेट कॅराव्हान’सारखं कुजबुजतं गाणं ‘आयर्न मॅन’च्या बरोबरीला उचललं जातं आणि अल्बममधला चढउतार सपाट होतो. ती अल्बमच्या हिशेबाने चालणारी ठेवावी, किंवा बंद करावी. दोन गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड आणि गाण्यांचा क्रम उलटापालटा करणारं शफल, दोन्ही बंद.

आता गाणी. पहिलं ‘वॉर पिग्ज’, जवळजवळ आठ मिनिटांचं. सुरुवात संथ, तीन-तीनच्या गटात झुलणारी, वर हवाई हल्ल्याचा भोंगा. ही लय खरं तर ब्लूजची आहे, फक्त जड पावलांची. बेस इथे रिफला चिकटून राहत नाही, तिच्या आजूबाजूला हिंडतो. मग सगळं अचानक थांबतं. वॉर्डची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तेवढी टिकटिकत राहते, गिटार आणि बेस दोन आघात देऊन गप्प होतात, आणि त्या मोकळ्या जागेत ओझी एकटा गातो. पुन्हा दोन आघात, पुन्हा शांतता.

मेटलमधली ही सर्वांत धीट जागांपैकी एक आहे. ती का काम करते हे नीट ऐकलं तर समजतं. ती शांतता रिकामी नाही. हाय-हॅट मात्रा मोजत असते, त्यामुळे पुढचा आघात कधी येणार हे कानाला कळतं आणि तो त्याची वाट बघतो. आघात समेवर आल्यासारखा नेमका येतो. सलग वाजणारी गिटार असती तर दहा सेकंदांत कान तिला सरावला असता. इथे दर आघात नवा वाटतो, कारण त्याच्या आधी कानाला विसावा मिळालेला असतो. पुढच्या काळातल्या अनेक बँडांनी सॅबथचा आवाज उचलला, पण ही विश्रांती उचलली नाही. भिंतीसारखी सलग गिटार ऐकून ज्यांनी मेटल सोडलं, त्यांनी या दोन मिनिटांपासून सुरुवात करावी.

गाण्याचा विषय युद्ध लावणारे आणि त्यात स्वतः न जाणारे राजकारणी. व्हिएतनामचा काळ होता. मूळ गाण्याचं नाव ‘वॉलपर्गिस’ होतं आणि त्यात चेटूक-जादूटोण्याच्या प्रतिमा होत्या, नंतर शब्द बदलले गेले. शेवटी न्यायाचा दिवस येतो आणि युद्ध लावणारे गुडघ्यांवर येऊन दयेची भीक मागतात. सैतान येतो तो शेवटच्या ओळीत, या पापी लोकांवर हसायला. म्हणजे सैतानपूजेचा आरोप झालेल्या या गाण्याचा सांगाडा सरळसरळ ख्रिस्ती नीतिकथेचा आहे. शब्द बहुतेक बटलरचे, आणि तो कॅथलिक घरात वाढलेला. कविता म्हणून मात्र ते कच्चे आहेत. पहिल्याच कडव्यात यमकासाठी तोच शब्द दोन्ही ओळींच्या शेवटी येतो. ओझीच्या सपाट, आर्त गाण्यामुळे तो कच्चेपणा खपून जातो.

शेवटचं दीड-दोन मिनिटांचं वाद्यसंगीत अमेरिकी प्रतींवर ‘ल्यूक्स वॉल’ या जोडनावाने छापलं होतं. त्याच्या अगदी शेवटी टेप वेगाने फिरवून आवाज चिरका करत गाणं तोडलं आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फाइल बिघडली असं वाटू शकतं. ते मुद्दाम केलेलं आहे. आणि लगेच ‘पॅरनॉइड’ सुरू होतं, म्हणूनच वर क्रॉसफेड बंद करायला सांगितलं.

‘पॅरनॉइड’ हे शीर्षकगीत अल्बममधलं सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत वेगळं गाणं आहे. अल्बमची लांबी कमी पडत होती म्हणून ते शेवटी घाईत रचलं गेलं. पावणेतीन मिनिटं, धावती चाल, ध्रुवपद नाही, आणि ‘पॅरनॉइड’ हा शब्द गाण्यात एकदाही येत नाही. एकेरी तबकडी (सिंगल) म्हणून ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि मग अल्बमचंच नाव बदललं. आधी ते ‘वॉर पिग्ज’ असणार होतं. मुखपृष्ठ तसंच राहिलं, त्यामुळे ‘पॅरनॉइड’ या नावाखाली ढाल-तलवार घेतलेला माणूस दिसतो. हे चित्र पाहून आत काय आहे याचा अंदाज बांधू नये, त्याचा आतल्या संगीताशी आता संबंध उरलेला नाही.

गाण्यात ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. सोलो इअरफोनवर ऐकावा. एका कानात साधी गिटार येते आणि दुसऱ्या कानात तीच गिटार रिंग मॉड्युलेटरमधून गेलेली, किरकिरी आणि धातूसारखी. एका स्पीकरवर दोन्ही मिसळून नुसती गढूळ ऐकू येते. शब्द निराश माणसाचे आहेत. शेवटी तो ऐकणाऱ्याला जगण्याचा आनंद घ्यायला सांगतो, मला मात्र आता उशीर झाला म्हणतो. ही ओळ अनेकांना बरोबर उलट, जीव देण्याबद्दलची, ऐकू आली आहे. तरीही नाखूश श्रोत्याने सुरुवात इथून करू नये. हे गाणं आवडलं म्हणून अल्बम आवडेल असं नाही, आणि नावडलं म्हणून अल्बम सोडायचं तर अजिबात कारण नाही.

इथे आयोमीच्या बोटांबद्दल बोलावं लागतं, कारण या आवाजाची जडणघडण त्यांत आहे. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबतो उजव्या हाताने. सतरा वर्षांचा असताना कारखान्यात पत्रे कापण्याच्या यंत्रात त्याच उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या बोटांची टोकं तुटली. द्रवरूप साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं आणि हलक्या, पातळ तारा लावून पुन्हा वाजवायला लागला. टोपीतून तारेचा स्पर्श कळत नाही. म्हणून गुंतागुंतीच्या कॉर्डऐवजी शाबूत बोटांनी धरता येतील असे दोन-तीन स्वरांचे पॉवर कॉर्ड त्याच्या वादनाचा कणा बनले.

पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच असतात, गंधार नसतो. तंबोऱ्यात जसा सा-पचा भरणा सगळ्याला आधार देतो, तसंच. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करण्याच्या प्रक्रियेतून, दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २:३. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. त्यामुळे दोन तारा वाजवल्या तरी खाली आणखी एक खर्ज उभा राहिल्यासारखा वाटतो. त्यात कोमल गंधार मिसळला की याच वजाबाकीतून परका स्वर निघतो आणि आवाज चिखलासारखा होतो. एवढ्या डिस्टॉर्शनमध्येही हा अल्बम स्वच्छ ऐकू येतो याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की खर्जात बटलर पुष्कळदा तीच रिफ वाजवतो, आणि तो मुळातला गिटारवादक असल्याने आयोमीने तार खेचली की तोही बेसची तार खेचतो.

‘आयर्न मॅन’मध्ये हे सगळं एका जागी सापडतं. आधी बास ड्रमचे एकटे ठोके, मग गिटारची खालची तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागून दाबून वर नेलेला कण्हण्यासारखा सूर. त्यानंतरची रिफ हार्मोनियमवर सहज काढता येते. पाश्चात्य बी हा स्वर षड्ज धरला तर ती अशी: सा ग ग म म, ध प ध प ध प, ग ग म म. गंधार आणि धैवत कोमल. ऋषभ नाही, निषाद नाही. पाच स्वर, संथ लय, आणि प्रत्येक स्वरावर पूर्ण कॉर्डचं ओझं.

इथे चौथी तक्रार लागू पडते. ओझी गिटारचीच चाल तशीच्या तशी गातो. रिफ आणि गायन यांत अंतरच नाही, आणि ते कडव्यामागून कडवं चालतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत एकसुरीपणा जाणवतो. त्याला इलाज एकच, मधल्या भागाकडे लक्ष ठेवणं. गती एकदम वाढते, गिटार सोलोवर जाते आणि तिच्या खाली बेस धावायला लागतो. एकच गिटारवादक असलेल्या बँडमध्ये सोलोच्या वेळी मैदान रिकामं पडतं आणि ते भरायची जबाबदारी बेसवर येते. बटलर ती कशी पेलतो हे ऐकायला गाणं दुसऱ्यांदा लावावं आणि त्या वेळी गिटारकडे पूर्ण दुर्लक्ष करावं.

कथाही बरी आहे. एक माणूस भविष्यात जाऊन जगाचा विनाश बघतो, सावध करायला परत येताना चुंबकीय क्षेत्रातून जाऊन पोलादाचा होतो, लोक त्याची टिंगल करतात, आणि चिडून तो स्वतःच तो विनाश घडवून आणतो. कॉमिकमधल्या त्या नावाच्या नायकाशी याचा संबंध नाही.

‘पॅरनॉइड’ आणि ‘आयर्न मॅन’ या दोन गाण्यांच्या मध्ये ‘प्लॅनेट कॅराव्हान’ आहे. डिस्टॉर्शन नाही, काँगो या हाताने वाजवायच्या ढोलांवर हलका ठेका, बेसची छोटी आवर्तनं, आणि ओझीचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढलेला. लेस्ली हा मूळ हॅमंड ऑर्गनसाठीचा स्पीकर. त्याच्या आतला भोंगा फिरतो, आवाज कानाजवळ येतो, लांब जातो आणि त्यामुळे पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. पियानो ध्वनिअभियंता टॉम ॲलमने वाजवला आहे. शेवटचा गिटार सोलो जॅझच्या अंगाने जातो, आणि तो ऐकताना आठवतं की अपघातानंतर आयोमीला धीर आला तो जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या रेकॉर्डमुळे. राइनहार्टचीही दोन बोटं जळून निकामी झाली होती. मेटल न आवडणाऱ्या बहुतेकांना हे गाणं लगेच आवडतं. पण ते आवडलं म्हणून मेटल आवडलं असं समजू नये. इथे ते विश्रांतीचं काम करतं. याच्यामुळे ‘आयर्न मॅन’चा पहिला ठोका दुप्पट जड वाटतो.

दुसरी बाजू कमी ऐकली जाते, आणि तिथेच अल्बममधलं सर्वांत चांगलं गाणं आहे. त्याआधी ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’. अणुयुद्धानंतरच्या जगाचं वर्णन, वाह पेडल (पायाने दाबून सूर ‘वा-वा’ असा उघडमिट करणारं साधन) लावलेली खाली घसरत जाणारी रिफ, मध्येच धावता भाग आणि पुन्हा मूळ गती. वाहचा वापर छान आहे. साधारणपणे हे पेडल सोलोला चमक द्यायला वापरतात, इथे ते संथ रिफवर असल्याने प्रत्येक स्वर तोंड उघडून मिटल्यासारखा वाटतो. धावत्या भागाचा जोड मात्र ओबडधोबड आहे.

मग ‘हँड ऑफ डूम’, सात मिनिटांचं. सुरुवात एकट्या बेसची, हळू आवाजात. ड्रम त्यात सामील होतात तेही दबकत. ओझी जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग गिटार सगळ्या ताकदीनिशी कोसळते, आणि पुन्हा बेसच्या त्याच ओळीवर सगळं शांत होतं. हा हळू-मोठ्याचा खेळ पुढे कितीतरी रॉक बँडांची मुख्य युक्ती झाली. मध्ये वेगवान, पूर्ण वेगळा भाग येतो आणि शेवटी गाणं पुन्हा त्या एकट्या बेसकडे परततं. विषय आहे व्हिएतनाममधून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतलेले सैनिक. युरोपातल्या अमेरिकी लष्करी तळांवर वाजवताना बँडने या गोष्टी सैनिकांकडूनच ऐकल्या होत्या. व्यसनाचं यात जराही कौतुक नाही. सुईपासून मरणापर्यंतचा प्रवास द्वितीय पुरुषात, थेट ‘तू’ म्हणून सांगितला आहे.

बिल वॉर्डचं काम इथे बारकाईने ऐकावं. त्याचे आदर्श जीन क्रुपासारखे स्विंग जॅझच्या जमान्यातले ड्रमर. तो रॉक ड्रमरसारखा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर खिळे ठोकत बसत नाही. स्नेअर या खणखणीत ड्रमवर बारीक भरणा चालू ठेवतो, झांजेवर लय झुलवतो आणि गायनाच्या ओळी संपल्या की त्यांना उत्तर देतो. आजच्या मेटलमध्ये ड्रम पुष्कळदा संगणकाने जागेवर बसवलेले असतात, प्रत्येक ठोका सारख्या जोराचा. वॉर्डची लय किंचित पुढे-मागे होते, गाणं तापलं की वेग थोडा वाढतो. कुणाला हे ढिलं वाटेल. या संगीताचा श्वास मला मात्र तिथेच ऐकू येतो.

‘रॅट सॅलड’ अडीच मिनिटांचं वाद्यसंगीत आहे, मध्ये ड्रमचा सोलो. सुरुवातीच्या काळात क्लबांमध्ये तासन्‌तास वाजवताना वेळ काढायला सोलो लांबवत, त्याची ही लहान आठवण. पहिल्या ऐकण्यात गाळलं तरी चालेल.

शेवटचं ‘फेअरीज वेअर बूट्स’ हे सर्वांत झुलतं गाणं. त्यातला शफल नावाचा झोकेदार ठेका पायाला लगेच सापडतो. बूट म्हणजे स्किनहेड टोळ्यांचे बूट, आणि गाण्यातला माणूस डॉक्टरकडे जातो तर डॉक्टर त्याच्या नशेलाच दोष देतो. अमेरिकी प्रतींवर याच्या गायनाशिवायच्या सुरुवातीला ‘जॅक द स्ट्रिपर’ असं वेगळं नाव आहे. ती सुरुवात आयोमीच्या उत्तम कामांपैकी एक आहे.

गायनाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ओझीचा आवाज पातळ, उंच आणि थोड्याच स्वरांत फिरणारा आहे. हरकती, मींड, फिरत यांची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. मेटलमधलं घशातून गुरगुरणं मात्र इथे औषधालाही नाही, ती पद्धत नंतरची. त्याचं बळ वेगळं आहे. गिटार, बेस आणि ड्रम खर्जात गच्च बसलेले असताना हा आवाज वरच्या मोकळ्या पट्टीत राहतो, म्हणून प्रत्येक शब्द ऐकू येतो. भारदस्त आवाजाचा गायक असता तर तो गिटारशी भांडत बसला असता. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघांनी शेवटची मैफल केली तेव्हा चारच गाणी वाजवली. त्यांतली तीन याच अल्बमची होती: ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरनॉइड’. त्यानंतर २२ जुलैला ओझी गेला.

कोणती आवृत्ती घ्यावी? स्ट्रीमिंगवर आठ गाण्यांची, साधारण ४२ मिनिटांची यादी दिसली की ती मूळ अल्बमची. गाणी जास्त असतील तर विस्तारित आवृत्ती आहे, आठव्या गाण्यानंतर थांबावं. नावांत तिरकी रेघ आणि जोडनावं दिसली तर ती अमेरिकी प्रतीवरून आलेली, संगीत तेच. मैफलीतल्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करू नये. त्यांत वर सांगितलेल्या मोकळ्या जागा प्रेक्षकांच्या आवाजाने भरून जातात.

२००९ ची तीन तबकड्यांची आवृत्ती नाखूश श्रोत्याला विशेष उपयोगी आहे. तिच्या एका तबकडीवर ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’, ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’, ‘हँड ऑफ डूम’ आणि ‘फेअरीज वेअर बूट्स’ यांची गायनाशिवायची रूपं आहेत. ओझीच्या आवाजावर अडणाऱ्यांनी ती आधी ऐकावीत. चौघांपैकी तिघे काय करतात हे त्यांत उघडं पडतं आणि मग मूळ गाण्यात आवाज कुठे बसतो ते समजतं. त्याच संचात डीव्हीडीवर चार वाहिन्यांचं जुनं मिश्रणही आहे. ते नीट ऐकायला चार बाजूंना स्पीकर लागतात, नसतील तर त्याच्यासाठी जादा पैसे घालू नयेत.

जुनी एलपी घेणार असाल तर दोन जागा तपासा. प्रत्येक बाजू २१ मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे ‘आयर्न मॅन’ आणि ‘फेअरीज वेअर बूट्स’ या दोन गाण्यांचे शेवट तबकडीच्या मध्याजवळ येतात. तिथे खोबणीचा वेग कमी असतो आणि झीज आधी ऐकू येते. झांजा फुसफुसल्या किंवा ‘स’ टोचायला लागला तर प्रत झिजलेली आहे किंवा सुई. सुई बदलून बघावी, तरीही तसंच असेल तर प्रत सोडावी. ‘प्लॅनेट कॅराव्हान’मध्येही ओरखडे लपत नाहीत. व्हर्टिगोच्या भोवरा-लेबलच्या पहिल्या प्रती संग्राहकांसाठी. नुसतं ऐकायला त्या मिळवण्याची गरज नाही.

पहिल्या ऐकण्याचा क्रम मी असा देईन: ‘हँड ऑफ डूम’, मग ‘फेअरीज वेअर बूट्स’, मग ‘वॉर पिग्ज’. या तिघांत बेस आणि ड्रम सर्वांत मोकळे ऐकू येतात. एवढ्यावरही कान उघडला नाही तर अल्बम बाजूला ठेवायला हरकत नाही, ‘आयर्न मॅन’ने तो उघडण्याची शक्यता कमी. उघडला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाण्यापासून सलग ४२ मिनिटं ऐकावा. त्यानंतर १९७१ चा ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ घ्यावा. तिथे काही गाण्यांसाठी आयोमीने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या, दुखऱ्या बोटांवरचा ताण घटला, आणि या अल्बममध्ये जे वजन लयीतून येतं त्यात खर्जाची भर पडली.